टाकी लहान ठेवली म्हणून साप लहान राहत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांची बॉल पायथन (घरात पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) मादी, वजन २८० ग्रॅम, लांबी दोन फुटांच्या आसपास. साप टाकीच्या मापाप्रमाणे वाढतो असं विकणाऱ्याने सांगितलंय, ते खरं का. मित्राकडची त्याच वयाची मादी जवळपास दुप्पट दिसते, मग आपली खुरटली का. आणि ही वाढ नेमकी थांबते कधी. मी गेली चोवीस वर्षं साप सांभाळतेय, स्वतःचेही आणि लोकांनी कंटाळून आणून दिलेलेही, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी टाकीचं निस्तरते कारण हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. साफ खोटं आहे. सापाच्या अंगात काचेचं अंतर मोजणारं काही नसतं. मग ही समजूत आली कुठून, तर फार लहान टाकीत बाकीचंही सगळं बिघडलेलं असतं, एक बाजू गरम आणि एक थंड असं करता येत नाही, लपायला नीट जागा नसते, साप कायम धास्तावलेला, मग तो खात नाही, खाल्लं तर नीट पचत नाही, आणि पचलं नाही तर वाढणार कशावर. म्हणजे वाढ खुंटते ती उपासमारीने, आणि श्रेय जातं टाकीला. उलट लहान टाकीतही नीट ऊब देऊन भरपूर खायला घातलं तर साप त्याच टाकीत वेटोळं घालून घालून मोठा होत राहतो, एवढंच की हालचाल नाही म्हणून स्नायू कमी आणि चरबी जास्त.

माझ्याकडे एकदा चार वर्षांचा बॉल पायथन नर आला होता, वजन ३९० ग्रॅम. चार वर्षांचा! मालक अभिमानाने सांगत होता की बघा मी लहानच ठेवलाय. टाकीत एक बल्ब, तोही रात्री बंद, आणि महिन्या-दीड महिन्याने एक छोटा उंदीर. मी काही जादू केली नाही, खालून नीट ऊब दिली, थर्मोस्टॅट लावला, दोन घट्ट लपणं ठेवली, आणि सुरुवातीला मुद्दाम छोटे छोटे घास दिले. दीड वर्षात तो ११०० ग्रॅमच्या पुढे गेला. म्हणजे वाढीची गाडी रुळावर होती, फक्त इंजिनात कोळसा नव्हता. पण पूर्ण भरपाई होते असंही समजू नका. मॅडसेन आणि शाइन या दोघांनी २००० साली ऑस्ट्रेलियातल्या वॉटर पायथनवरचा अभ्यास छापला, त्यात असं दिसलं की ज्या वर्षी उंदरांचा सुकाळ होता त्या वर्षी जन्मलेली पिल्लं नुसती त्या वर्षी नाही तर पुढची वर्षंही जास्त वेगाने वाढत राहिली. म्हणजे पहिलं वर्ष चांगलं गेलं तर त्याचा फायदा लांबपर्यंत पुरतो. जंगलातली गोष्ट आहे, पण माझ्या डब्यांमधलाही अनुभव तोच सांगतो, पहिल्या वर्षात मार खाल्लेलं पिल्लू नंतर सुधारतं पण भावंडांच्या बरोबरीला क्वचितच येतं.

आता साप वाढतो म्हणजे नेमकं काय होतं. पुष्कळांना वाटतं की साप मागून लांबत जातो, शेपटीला नवीन मणके फुटत जातात वगैरे. तसं नाही. मणक्यांची संख्या अंड्यात किंवा आईच्या पोटात असतानाच ठरलेली असते, दोनशे-तीनशे-चारशे जे काही त्या जातीचं असेल ते, आणि मरेपर्यंत तेवढेच राहतात. प्रत्येक मणका थोडा थोडा मोठा होतो आणि त्याची बेरीज म्हणजे लांबी. खवल्यांचंही तेच, तुमच्या पिल्लाच्या पोटावर जितक्या पट्ट्या आज आहेत तितक्याच ती पाच फुटांची झाल्यावर असतील, म्हणून तर अभ्यासक जात ओळखायला पोटाचे खवले मोजतात. आणि डोकं बाकीच्या अंगापेक्षा सावकाश वाढतं, त्यामुळे पिल्लं मोठ्या डोळ्यांची, बटाट्यासारख्या डोक्याची दिसतात आणि मोठे साप अंगाच्या मानाने छोट्या डोक्याचे. खायला घालून घालून फुगवलेला आणि उपाशी ठेवलेला साप दोन्ही यातून ओळखू येतात, पहिल्याचं डोकं वयाच्या मानाने फारच इवलं दिसतं आणि दुसऱ्याचं नको तितकं मोठं.

वेगाचं म्हणाल तर सगळा खेळ पहिल्या दोन-तीन वर्षांचा. कॉर्न स्नेक अंड्यातून निघतो तेव्हा सहा-आठ ग्रॅमचा, शिसपेन्सिलपेक्षाही बारीक. वर्षभरात साधारण दोन-सव्वादोन फूट, वजन पन्नास ते शंभर ग्रॅम. म्हणजे दहा पट! दुसऱ्या वर्षी दोनशेच्या आसपास, म्हणजे फक्त दुप्पट-तिप्पट. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तीनशे-चारशे, आणि मग पुढची पंधरा वर्षं तो चार फुटांचा साडेचार झाला तर झाला. बॉल पायथनचं पिल्लू ५० ते ८० ग्रॅमचं निघतं, वर्षाला ३०० ते ५००, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ७०० ते १०००, आणि मादी तीन-चार वर्षांत दीड किलोकडे. पूर्ण वाढलेली मादी चार ते पाच फूट, नर त्याहून लहान, तीन-साडेतीन फुटांवर बरेच थांबतात. हे आकडे म्हणजे पाटीवर कोरलेले नाहीत, माझ्या स्वतःच्या नोंदींमध्ये एकाच विणीतल्या दोन बहिणी वर्षाच्या शेवटी ३२० आणि ५१० ग्रॅम अशा आहेत, डबा तोच, ऊब तीच, खाणं तेच, फक्त एक हावरट आणि एक नखरेल.

त्यामुळे तुमची २८० ग्रॅमची पोरगी अजिबात खुरटलेली नाही. रांगेच्या मधे कुठेतरी आहे.

मोठ्या जातींचं गणित वेगळंच, तिथे पहिल्या वर्षाने भल्याभल्यांची झोप उडवलीय. बर्मीज पायथन दीड-दोन फुटांचा निघतो आणि खायला मिळालं तर वर्षभरात सहा फूट ओलांडतो. लोक पिल्लू बघून घेतात, आणि तीन वर्षांनी ज्याला उचलायला दोन माणसं लागतात असा प्राणी खोलीत असतो. सगळ्यांची अंतिम लांबी मुख्यतः जात आणि नर-मादी यावर ठरते. अजगर आणि बोआ यांच्यात मादी मोठी, अॅनाकोंडात तर हा फरक इतका की नर आणि मादी वेगळ्या जातीचे वाटावेत. हॉगनोज सापांमध्येही मादी नराच्या दीडपट-दुप्पट. कॉर्न आणि किंगस्नेकमध्ये उलट, नर थोडे लांब भरतात, कारण तिथे नर एकमेकांशी झुंजतात आणि मोठ्या नराला फायदा होतो, तर जिथे झुंज नाही किंवा कमी आहे तिथे जास्त अंडी-पिल्लं मावायला मादी मोठी असणं उपयोगाचं. बॉल पायथनचे नर झुंजतात तरी मादीच मोठी, म्हणजे नियमाला फाटे आहेतच. सांगायचं काय तर पिल्लाची वाढ कमी-जास्त ठरवण्याआधी ते नर आहे की मादी हे माहीत पाहिजे, आणि ते जाणकाराकडून तपासून घ्या, हल्ली टाकलेल्या कातीवरून डीएनए तपासणीसुद्धा होते. मादी म्हणून घेतलेले आणि वर्षानुवर्षं तिला मोठी करायच्या नादात ठासून खायला घातलेले नर मी दोन-तीन बघितलेत, बिचारे गोळे झाले होते.

आता मित्राच्या सापाचं. दुप्पट वजन म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. असू शकतं, ती हावरट बहीण असेल. पण मी पहिला प्रश्न विचारेन की ऊब किती आणि खाणं किती दिवसांनी. ऊब आधी, कारण साप स्वतःचं अंग स्वतः तापवत नाही, पचनाचा सगळा कारखाना बाहेरच्या उष्णतेवर चालतो. बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ सेल्सिअस आणि थंड बाजूला २५-२७ लागतं. ही गरम बाजू २७ वर राहिली तर तोच उंदीर पचायला कितीतरी जास्त दिवस लागतात, कधी अर्धवट पचलेला ओकून टाकतो, आणि मग वजनाचा तक्ता सपाट. आणि पचन म्हणजे सापासाठी काय प्रकार असतो बघा, बर्मीज पायथनवर झालेल्या कामात दिसलंय की मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन ४० टक्क्यांपर्यंत वाढतं, आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कित्येक दहापटींनी वाढतो, आणि पचन संपलं की सगळं परत आवरून ठेवतो. आपण दिवाळखोरीत जाऊ एवढ्या खर्चात. म्हणून जेवणानंतर दोन दिवस त्याला हातात घेऊ नका हे जे सांगतात ते लाड म्हणून नाही.

खाण्याच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. पॉवर फीडिंग नावाचा प्रकार आहे, म्हणजे पिल्लाला दर चार-पाच दिवसांनी, कधी एका वेळी दोन-दोन उंदीर, कधी ऊब वाढवून, असं करत दीड-दोन वर्षांत मादी अंड्यावर आणायची. मीही केलंय. सुरुवातीच्या काळात एका बोआ मादीला मी अशीच वाढवली, अडीच वर्षांत साडेसहा फूट, येणारे-जाणारे वा वा करायचे आणि मला अंगावर मूठभर मांस चढायचं. ती नऊ वर्षांची असताना मेली. बोआ नीट ठेवला तर वीस-पंचवीस-तीस वर्षं जगतो. पोट उघडल्यावर डॉक्टरांनी दाखवलं, मागच्या अर्ध्या अंगात पिवळी चरबी ठासून भरलेली आणि लिव्हर फिकट, तेलकट, बोट लावलं तर फाटेल असं. त्या दिवसानंतर माझ्याकडे घाई बंद.

झटपट वाढवल्याने साप शेवटी फार मोठा होतो असंही नाही हो, यातली खरी गोम ती आहे. वेग तुमच्या हातात असतो, शेवटचं माप बऱ्यापैकी त्याच्या जातीच्या आणि आईबापांच्या हातात. तीन वर्षांत जिथे पोचायचं तिथे दीड वर्षात पोचवलं तर पुढे उरलेलं खाणं लांबीत जात नाही, ते चरबीत जातं. साप जाड झालाय हे माणसाला उशिरा कळतं कारण चरबी आधी आत साठते. बाहेरून बघायच्या खुणा म्हणजे पोट रिकामं असतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसणं, वळताना बाजूला घड्या पडणं, शेपटीच्या मुळाशी अंग एकदम बारीक होणं, आणि पाठीचा कणा दोन्ही बाजूच्या फुगवट्यांमध्ये चर पडल्यासारखा आत जाणं. चांगल्या बॉल पायथनच्या कण्यावर हलका उंचवटा हाताला लागतो आणि दोन्ही बाजूंना गोलसर उतार, कॉर्न बराचसा गोल आणि पोटाशी सपाट. कणा धारदार टोचायला लागला तर मात्र तो बारीक आहे.

तुमच्या मादीला आत्ता दर सात दिवसांनी तिच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपासचा उंदीर पुरे, पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे नको. पाचशे ग्रॅम झाली की दहा-बारा दिवसांवर न्या आणि टक्का सातवर आणा, किलोच्या पुढे दोन-तीन आठवड्यांनी पाच टक्के. सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा किंचित जास्त जाड उंदीर हे जुनं माप अजूनही चालतं. पूर्ण उंदीर दिला की कॅल्शियम वगैरे हाडांसकट पोटात जातं, सरड्यांसारखी वेगळी पावडर लागत नाही, फक्त पिंकीमध्ये, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लात, हाडं कच्ची असतात म्हणून पिल्लाला फार महिने नुसत्या पिंकीवर ठेवू नये.

आणि मग एक दिवस ती खाणं बंद करेल. करेलच. बॉल पायथन आठशे-हजार ग्रॅमला आली की कित्येकदा दोन, तीन, चार महिने तोंड फिरवते, नर तर विणीच्या दिवसांत हमखास. लोक घाबरून रोज उंदीर दाखवतात, टाकी बदलतात, सापाला जबरदस्तीने भरवतात, आणि खरा ताण तिथून सुरू होतो. तुम्ही फक्त वजन बघा. मोठ्या सापाचं वजन दहा टक्क्यांपेक्षा कमी घटलं असेल, अंग नीट असेल, श्वासाला आवाज नसेल तर थांबा, ऊब आणि आर्द्रता तपासा, पंधरा दिवसांनी एकदा उंदीर पुढे करून बघा. पिल्लाचं मात्र वेगळं, त्याच्याकडे शिल्लक कमी असते, दीड-दोन महिने खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. उपाशी साप वाढीचं काय करतो यावर एक भन्नाट अभ्यास आहे, २००७ साली मॅकक्यू यांनी छापलेला, रॅट स्नेक, बॉल पायथन आणि रॅटलस्नेक यांना सहा महिन्यांच्या आसपास उपाशी ठेवलं तेव्हा त्यांनी शरीराचा खर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि वजन घटत असतानाही त्यांची लांबी थोडी वाढली! पोटात अन्न नाही आणि साप लांब होतोय. म्हणून नुसत्या लांबीवरून साप मजेत आहे असं ठरवू नका.

तशीही सापाची लांबी हा जगातला सगळ्यात जास्त थापा मारला जाणारा आकडा आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका सर्पालयात बेबी नावाची बर्मीज पायथन होती, १९९८ मध्ये वजन केलं तेव्हा जवळजवळ १८३ किलो भरली, ते वजन खरंच केलेलं. लांबी मात्र सत्तावीस फूट सांगितली जायची. मेल्यावर मोजली तर ५.७४ मीटर, म्हणजे एकोणीस फुटांच्याही आत. आठ फूट हवेतच! जिवंत साप सरळ राहत नाही, ताणला तर सांध्यांमधून लांबतो, अंदाज घेणारा माणूस घाबरलेला किंवा खूश असतो. लोक कात मोजतात तेही फसवं, कात टाकताना खवल्यांच्या मधल्या घड्या उलगडतात आणि कात सापापेक्षा सहज दहा-वीस टक्के लांब भरते. माझ्याकडे एका मुलाने साडेपाच फुटांच्या बॉल पायथनची कात मोठ्या अभिमानाने आणली होती, साप निघाला साडेचार. मोजायचंच असेल तर साप स्वतःहून टाकीच्या कडेने लांब पडलेला असताना वरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटोवर दोरा फिरवून हिशोब करा. किंवा लांबी सोडून द्या आणि वजन धरा, ग्रॅम दाखवणारा साधा काटा बास.

कातीचा उपयोग वेगळा आहे. पिल्लू जन्मल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकतं आणि बहुतेक त्यानंतरच पहिलं खातं. पहिल्या वर्षी दर चार-सहा आठवड्यांनी कात पडते, मोठ्या सापाची वर्षाला तीन-पाच वेळा. कात वाढीबरोबर धावते पण तिला बांधलेली नसते, जखम झाली, गोचिडासारखे माइट्स लागले, अंडी द्यायची असली तरी पडते. डोळे दुधाळ-निळे झाले की चार-पाच दिवस, मग परत स्वच्छ होतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात. तुकड्या-तुकड्यांनी निघाली तर हवा कोरडी आहे, बॉल पायथनला साठ टक्के आर्द्रता ठेवा, आणि डोळ्यावरची टोपी, म्हणजे डोळा झाकणारा पारदर्शक खवला, कातीबरोबर आली का ते दर वेळी बघा. ती चिमट्याने काढायला जाऊ नका, प्लीज.

वयाबरोबर रंगही बदलतो, हे कुणी आधी सांगत नाही आणि मग लोकांना साप आजारी वाटतो. ग्रीन ट्री पायथनची पिल्लं पिवळीधमक किंवा विटकरी असतात आणि पहिल्या वर्षाच्या आसपास हिरवी व्हायला लागतात, काही आठवड्यांत, काही महिने घेऊन. ब्लॅक रॅट स्नेकचं पिल्लू राखाडी आणि ठिपक्याठिपक्यांचं, मोठा झाल्यावर काळाकुट्ट. कॉर्नच्या मानेवर पिवळा रंग सावकाश चढतो. बनाना नावाच्या रंगप्रकारातल्या बॉल पायथनवर वयाबरोबर काळे ठिपके येतात, एक जण ते बुरशी समजून औषध लावत होता.

तर वाढ थांबते कधी. पुस्तकी उत्तर असं की बहुतेक साप पूर्ण थांबत नाहीत, आपल्या हाडांची टोकं जशी वयात आल्यावर बंद होतात तशी व्यवस्था त्यांच्या मणक्यांत नसते. पण व्यवहारात वयात आल्यावर वेग इतका पडतो की दहा वर्षांच्या कॉर्नची एका वर्षातली वाढ तुमच्या पट्टीच्या चुकीपेक्षा कमी असते. मादीचं तर अंड्यांत जातं सगळं, ज्या वर्षी अंडी दिली त्या वर्षी लांबीत काही नाही, उलट वजन भराभर उतरतं. म्हणून मी माद्यांना वजनाबरोबर वयही पुरं झाल्याशिवाय जोडीला लावत नाही, आणि दर वर्षी तर नाहीच.

आणि पुढची वर्षं पुष्कळ असतात बरं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये सात अंडी दिली, तेव्हा तिचं वय अंदाजे बासष्ट, आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ नराशी गाठ नाही. सगळे एवढे जगत नाहीत, वीस ते तीस धरून चाला. म्हाताऱ्या सापात मागच्या अंगाचे स्नायू ओसरतात, कणा वर दिसायला लागतो, दोन कातींमधलं अंतर वाढतं, शिकार पकडायला वेळ लागतो, मूत्रपिंडं थकतात, कधी कण्यात गाठी होऊन अंग एका जागी कडक होतं. माझा पहिला कॉर्न एकोणिसाव्या वर्षी गेला, शेवटची तीन वर्षं मी त्याच्या फांद्या खाली आणल्या होत्या, पाण्याचं भांडं उथळ केलं होतं, आणि मोठ्या उंदराऐवजी दोन छोटे, पण लांब अंतराने. खवल्यांवरची चमक गेली होती, बाकी स्वभाव तसाच, टाकी उघडली की आधी माझ्या मनगटाला विळखा.

जागेचं शेवटचं. लहान पिल्लाला मोठी टाकी नको असं सांगतात ते अर्धंच बरोबर आहे. मोठी आणि मोकळी नको, मोठी आणि लपणांनी, पानांनी, बुंध्यांनी भरलेली चालते. तुमच्या मादीसाठी मोठी झाल्यावरचा हिशोब आत्ताच करा, तिला आडवं सरळ पसरता येईल अशी लांबी, म्हणजे चार-पाच फूट, रुंदी दोन फूट. वाढेल तसं दर सहा महिन्यांनी टाकी बदलत बसण्यापेक्षा एकदाच नीट घेऊन आतली गर्दी कमी करत जाणं सोपं पडतं. लपण मात्र मापाचं ठेवा, अंग तिन्ही बाजूंनी टेकेल असं, आणि ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागेल.

महिन्यातून एकदा वजन, खाण्याच्या आदल्या दिवशी, तारखेसह वहीत. सापाला झाकणाच्या डब्यात घालून काट्यावर ठेवा आणि रिकाम्या डब्याचं वजन आधी करून ठेवा. हे सांगायचं कारण, माझ्या त्या पहिल्या कॉर्नने दुसऱ्या वर्षी एका महिन्यात चाळीस ग्रॅम कमावले होते, मी चार लोकांना दाखवलं, आणि नंतर लक्षात आलं की जुना डबा फुटल्यामुळे मी त्या महिन्यात जाड बुडाचा नवा डबा वापरला होता.